सदतीस गुरुवार

मालन गेली ते दिनकर तोडकरला मोबाईलवर कळलं.

मंगळवार होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मिरजेतल्या एका कापड दुकानात तो शिडीवर चढून कॅमेऱ्याची दिशा जुळवत होता. खिशात फोन थरथरला. घरच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याचा निरोप होता: व्यक्ती जमिनीवर आहे, तीन मिनिटं हालचाल नाही. त्यानं शिडीवरूनच बघितलं. सोफ्याजवळ त्याची बायको, मालन, कुशीवर पडली होती. निवडायला घेतलेले तांदूळ फरशीवर सांडले होते आणि तिचा एक हात त्यात होता.

मिरजेहून विश्रामबागेतल्या घरापर्यंत त्यानं स्कूटर कशी आणली ते त्याला आठवत नाही. हँडलला अडकवलेल्या फोनवर काय दिसलं, ते मात्र आठवतं. त्यानं निघताना फोन केला म्हणून शेजारचे उपाध्ये सर खिडकीची जाळी उचकटून आत आले. तिच्याशेजारी बसले. मालनचा हात हातात घेऊन नाडी बघितली आणि मग तो हात तसाच धरून बसले. दिनकर पोचेपर्यंत बसले होते. चांगल्या मनानं केलं त्यांनी. तरी पुढं अकरा महिने दिनकरला आठवत राहिलं ते हेच, की शेवटी हात आपण धरला नव्हता.

चार वर्षांपूर्वी मालनला पहिला झटका आला, तेव्हा त्यानं घरात कॅमेरे बसवले. धंदाच त्याचा तो. सांगली-मिरजेत निम्म्या कॉलन्यांत त्याच्या हातचे कॅमेरे. कामावर असला तरी दिवसातून दहा वेळा तो फोन उघडून बायको काय करते ते बघायचा. मालन म्हणाली होती, "हॉलमधी लावा, दारात लावा. स्वयंपाकघर तेवढं माझं राहू द्या." ते त्यानं ऐकलं होतं.

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा इंदूरहून मुलीचा, ऋतुजाचा फोन आला.

"बाबा, आईचं चालतं-बोलतं काहीतरी पाहिजे मला. फोटो नकोत. तुमच्याकडं चार वर्षांचं रेकॉर्डिंग आहे ना? थोडं थोडं काढून द्या."

म्हणून तो जेवण उरकून बसला. बघता बघता त्याला एक गोष्ट दिसली. मालनच्या शेवटच्या नऊ महिन्यांत दर गुरुवारी अकराच्या सुमाराला चित्र जायचं आणि बाराच्या पुढं यायचं. दोनचार गुरुवार सोडले तर एकही खाडा नाही. त्यानं मोजले. सदतीस.

दर गुरुवारी दिनकर तासगावात असायचा. बेदाण्याच्या शीतगृहातले कॅमेरे तपासायचं काम होतं त्याच्याकडं. त्या जाड भिंतींच्या आत फोनला रेंज नसते. बाहेर आल्यावर 'कॅमेरा बंद होता' असा निरोप दिसायचा, पण तोवर चित्र आलेलं असायचं. त्याला वाटायचं, आपल्याच फोनची रेंज. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड खराब झालं होतं, त्यामुळं त्या तासांचं चित्र तिथंही साठलं नव्हतं. गिऱ्हाइकांना तो दर सहा महिन्यांनी बदलून द्यायचा. घरचं राहूनच गेलं होतं.

प्रत्येक खंडात बरोब्बर मध्यावर, अर्ध्या तासानं, आठ-नऊ सेकंद चित्र परत यायचं. सदतीस वेळा तेच. मालन गुडघ्यावर हात टेकून जमिनीवरून उठते आणि स्वयंपाकघराकडं जाते. मग पुन्हा अंधार. चित्राच्या खालच्या काठावर दोन ताटं दिसत होती. एक तिचं. दुसरं ज्याच्यापुढं होतं, तो माणूस कॅमेऱ्याच्या बरोबर खाली भिंतीला टेकून बसला असणार, कारण तेवढीच जागा कॅमेऱ्याला दिसत नव्हती. घरात ती जागा दिनकरला आणि मालनला सोडून कुणाला माहीत नव्हती.

त्यानं चित्र मोठं केलं. दुसऱ्या ताटाच्या कडेला शेवग्याच्या चोखून टाकलेल्या शेंगा होत्या.

दिनकरच्या घरात शेवगा शिजत नव्हता. त्याला वास चालत नसे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यानं ताट सारलं होतं, तेव्हापासून पस्तीस वर्षं नाही.

आणि कॉलनीत शेवग्याचं झाड एकच होतं, उपाध्ये सरांच्या कुंपणात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पाइपनं झाडांना पाणी घालत होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर, लग्न केलेलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय सोडायचे नाहीत.

"काय तोडकर, आज स्वारी पायी?"

"शेवगा बरा धरलाय यंदा," दिनकर म्हणाला.

"न्या की! वहिनी न्यायच्या दर बुधवारी. मी म्हणायचो, अहो, झाडच उचलून न्या, दर आठवड्याची खेप वाचेल." सर हसले. "तुम्ही मोठे शौकीन दिसता शेंगांचे."

"आम्ही खात नाही शेवगा."

"मग कुणासाठी न्यायच्या?"

दिनकर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. माणूस इतकं सरळ तोंड करून खोटं बोलू शकतो का, ते शोधत राहिला. मालन यांच्या विनोदांना हसायची. कुंपणापाशी उभी राहून हसतानाची तिची निदान पन्नास चित्रं दाराच्या कॅमेऱ्यात होती. आपल्या एखाद्या बोलण्याला ती तशी हसल्याचं त्यानं शोधून बघितलं होतं. फार सापडलं नव्हतं.

"गुरुवारी तुम्ही काय करता, सर?"

"गुरुवारी? गुरुवारीच असं काही नाही. का हो?"

"काही नाही," म्हणून दिनकर वळला. सरांनी मागून हाक मारली, चहाला या म्हणाले. त्यानं ऐकलं नाही.

मेलेल्या बाईचा मत्सर करता येतो का? पण त्याला येत होता, आणि तोही तिच्या तासाचा. आपण पस्तीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिच्याजवळ आपल्यापासून लपवावासा एक तास होता आणि तो तिनं दुसऱ्याला दिला. अकरा महिने तो रडला होता. आता रडू येईना. त्या जागी नुसती आग होत होती.

*

इथं 'कवडसा'विषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं.

तारेविना चालणारा कॅमेरा रेडिओलहरींवर बोलतो. त्याच पट्ट्यात कुणी मोठा गोंगाट केला, की कॅमेऱ्याचं बोलणं राउटरला ऐकू जात नाही आणि चित्र जातं. चोरांना हे कळलं, तेव्हा ते खिशात मावणारी गोंगाट करणारी यंत्रं घेऊन फिरू लागले. कॅमेऱ्यांचे धंदे बसायची वेळ आली.

त्याच सुमाराला घरोघरी दिवे, पंखे, मीटर सगळेच बिनतारी झाले होते. हे सगळे एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि ते किती जोरात ऐकू आलं, त्याचे आकडे टिपून ठेवतात. मीटरमध्ये ते दोन वर्षं राहतात. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. तो मधून चालला की लहरी त्याच्या अंगात अडतात, वळतात, आणि आकडे हलतात. त्या हलण्यावरून कोण कसं चालतं ते काढता येतं, हे आधीच माहीत होतं. फक्त गोंगाट झाला की ते आकडेही बुडायचे.

मग पुण्यातल्या काही मंडळींनी प्रश्न उलटा धरला. गोंगाट म्हणजे तरी काय, लहरीच की. आणि त्या सगळ्यात जोरदार. त्याही माणसावर आपटतात. गोंगाट कुठून येतो आणि त्याचा ठेका काय आहे, एवढं कळलं, तर तोच दिवा म्हणून वापरता येईल. ज्यानं कॅमेरा आंधळा केला, त्यानंच घरात उजेड पाडला, असं झालं. छपराच्या भोकातून पडणाऱ्या उजेडाचं नाव त्यांनी यंत्राला दिलं. कवडसा कॅमेऱ्याला जोडला की चोरानं गोंगाट सुरू करायचा अवकाश, चोर दिसायला लागायचा. चेहरा नाही, आवाज नाही. धुरासारखा माणूस. पण चाल पक्की.

सांगलीत कवडसा विकायचं काम दिनकरला मिळालं होतं. कंपनीची इंजिनिअर नाझनीन मुल्ला मिरजेची, पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी. ती पहिलं यंत्र घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्याच घरावर चालवून दाखव. मागच्या नोंदींवर."

"मागच्या नोंदी घरमालकाच्या अंगठ्याशिवाय उघडत नाहीत, काका. आणि कारण लिहावं लागतं. काय चोरी झालीय का?"

"झालीय."

"काय गेलं?"

"सदतीस तास," दिनकर म्हणाला.

तिला वाटलं, रेकॉर्डिंग म्हणतायत. तिनं लिहून घेतलं. त्यानं अंगठा दिला.

*

चार दिवसांनी ती परत आली. हॉलमध्ये बसून तिनं पडदा उलगडला.

"गोंगाट बाहेरून येत नव्हता, काका. घरातूनच. स्वयंपाकघरातून."

"म्हणजे तो यंत्र आत घेऊन यायचा."

"असं काही यंत्र मला माहीत नाही. ठेका बघा ना. सेकंदाला पन्नास वेळा सुरू, पन्नास वेळा बंद. आणि तीस मिनिटांनी आपोआप थांबतो, मग परत सुरू."

दिनकर कॅमेऱ्यांच्या धंद्यात येण्याआधी बारा वर्षं इलेक्ट्रिशियन होता. सेकंदाला पन्नास म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तो घरातल्या विजेचाच ठेका. तो उठून स्वयंपाकघरात गेला. कोपऱ्यात जुना मायक्रोवेव्ह ओव्हन होता. दार सैल झालेला, तीस मिनिटांच्या पुढं वेळेची चावी न फिरणारा. त्याच्या वरच्याच फळीवर राउटर. गेली वीस वर्षं दिनकर फोनवर गिऱ्हाइकांना तेच तेच सांगत आला होता: ओव्हनजवळ राउटर ठेवू नका, चित्र जाईल. मालन पोळ्या लाटता लाटता ते ऐकत असायची. हा ओव्हन भंगारात घालूया असं तो दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळा ती म्हणाली, "असू द्या. पाणी तापवायला बरा पडतो."

पाणी. गुरुवारी दुपारी तासगावहून तो दमून यायचा, तेव्हा मोठ्या काचेच्या भांड्यातलं कढत पाणी तिनं घमेल्यात ओतून ठेवलेलं असायचं, पाय बुडवायला. आठवड्यातून तेवढा एकच दिवस. त्याला केवढं बरं वाटायचं. मित्रांना सांगितलंही होतं त्यानं, आमची बायको गुरुवारी पाय शेकायला पाणी ठेवते म्हणून.

तर ते पाणी असं तापत होतं.

"काका?" नाझनीननं हाक मारली. "माणसं बघायचीत ना? दोघं आहेत. पण यात काहीतरी गडबड आहे. पहिली व्यक्ती मालन तोडकर. दुसरीचं नाव यंत्र तुमचं सांगतंय."

"मी तासगावात होतो."

"तेच. दोन वर्षांच्या नोंदींवरून तुमची चाल त्याला पाठ आहे. उजवा पाय बाहेर टाकता, डावा खांदा पुढं. शंभरातले ब्याण्णव गुण जुळतायत. इतकं चुकत नाही ते." तिनं त्याच्याकडं बघितलं. "तुमच्यासारखं चालणारं दुसरं कुणी आहे का?"

पडद्यावर धुराचा माणूस दारातून आत आला. उजवा पाय बाहेर, डावा खांदा पुढं. दिनकरचे वडील असे चालायचे. गावात लांबून बघून माणसं म्हणायची, तोडकर आला.

"आहे," दिनकर म्हणाला.

उपाध्ये सरांचा एक गुडघा कित्येक वर्षांपासून धरलेला, ते तर पाय ओढत चालत. एवढंही आपल्या लक्षात आलं नाही. तो मनातल्या मनात शरमला. पण ते क्षणभरच, कारण पडद्यावर धुराची मालन ताट वाढत होती. एक ताट त्याच्यापुढं ठेवलं. दुसरं स्वतःपुढं घेतलं. मग ती बसली. समोर बसली आणि जेवायला लागली. हात तोंडाकडं जात होता, मधेच थांबत होता, हवेत फिरत होता. बोलत होती. जेवता जेवता बोलत होती.

"चाचींना निवांत जेवायला आवडायचं वाटतं," नाझनीन म्हणाली.

दिनकरनं यंत्र ठेवून घेतलं आणि तिला दारापर्यंत पोचवलं.

ती गेल्यावर त्यानं आपल्या चार वर्षांच्या रेकॉर्डिंगला विचारलं: मालन, जेवताना. यंत्रानं पाऊण मिनिट शोधलं आणि उत्तर दिलं: काही सापडलं नाही. दिनकर टीव्हीपुढं जेवायचा. ती वाढायची, उभी राहायची, हवं-नको बघायची आणि मागाहून आत जाऊन, कॅमेरा नाही तिथं, जेवायची. त्याच्या आईनंही तसंच केलं होतं. त्यात काही विचारायचं असतं असं त्याला वाटलंच नव्हतं.

*

श्रीरंग त्याचा धाकटा भाऊ, पाच वर्षांनी लहान. कुपवाडला फाउंड्रीत कामाला, गुरुवारी सुट्टी. बारा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

भांडण कॅमेऱ्यावरूनच झालेलं. आई तेव्हा श्रीरंगकडं होती. दिनकरनं भावाच्या घरात कॅमेरा बसवून दिला, पासवर्ड मात्र स्वतःकडं ठेवला, आणि रोज दुपारी बघत राहिला, आईला वेळेवर वाढतात का, काय वाढतात. एकदा फोन करून म्हणाला, "काल आमटी पातळ होती." श्रीरंगनं त्याच दिवशी कॅमेरा उपटला आणि त्याच्या उंबऱ्यावर आणून आपटला. आई गेली तेव्हाही एकमेकांशी बोलले नाहीत. मालनच्या वेळी श्रीरंग स्मशानात लांब लिंबाखाली उभा होता आणि हमसून हमसून रडत होता. दिनकरला तेव्हा राग आला होता, याला कशाला एवढं रडू येतंय म्हणून.

गुरुवारी सकाळी तासगावला न जाता तो कुपवाडला गेला. दार श्रीरंगनं उघडलं. वाळला होता. बायको नातवाला सांभाळायला हैदराबादला, घरात एकटाच.

"इथंबी कॅमेरा लावायला आलायस काय?"

"मालन तुला दर गुरुवारी जेवायला घालत होती."

श्रीरंग दारातच थांबला. मग बाजूला झाला. "ये आत. शेजारी ऐकतील."

दिनकर आत गेला, पण बसला नाही.

"कधीपासनं?"

"बाजारात भेटलेली. मला बघून म्हणाली, भावजी, काय अवस्था करून घेतलीसा. मेसचं खात होतो. म्हणाली, गुरुवारी या, ते तासगावला असतात. मी म्हटलं, तुमच्या घरात त्याचा डोळा हाय. तर हसली. म्हणाली, त्या डोळ्यावर झापड कशी घालायची ते त्यांनीच शिकवलंय."

दिनकरला ते हसणं ऐकू आलं. आपल्यावरचं हसणं, दुसऱ्याजवळ.

"काय बोलायचा तुम्ही?"

"लई काय काय."

"काय?"

"ते नाही सांगणार." श्रीरंगनं मान हलवली. "तुझ्याकडं तिची चार वर्षं आहेत दादा, त्या फोनात. उठताना, बसताना, झोपताना. रोज काढून बघत असशील. माझ्याकडं सदतीस तास आहेत, आणि ते कशातबी नाहीत, फक्त हितं आहेत." त्यानं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "ते मी देणार नाही."

म्हणजे हाही जळतो आपल्यावर, दिनकरच्या मनात आलं. त्यानं त्याला बरं वाटलं नाही, पण एकटं वाटायचं जरा कमी झालं.

"ती तुझ्याबरोबर जेवायला बसायची," दिनकर म्हणाला. इतक्या वेळानं खरं काय ते तोंडातून आलं. "माझ्याबरोबर कधी बसली नाही. पस्तीस वर्षांत."

"पहिल्या गुरुवारी उभीच होती. मी म्हटलं, वहिनी, बसा की तुम्हीबी, मला एकट्याला जेवून कंटाळा आलाय. बसली. एवढंच." श्रीरंगनं विचारलं, "तू कधी म्हणालास?"

दिनकर आठवू लागला. बारशाला, दिवाळीला, ऋतुजाच्या लग्नात, आजारातून उठल्यावर. बाहेर एक टेम्पो बराच वेळ मागं येत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"एक सांगतो," श्रीरंग शेवटी म्हणाला. "दर गुरुवारी मी निघताना म्हणायची, आज सांगते त्यांना. पुढच्या गुरुवारी तिघं बसू. मला वाटायचं, तिनं सांगितलं तर तू बिघडवशील सगळं. मी म्हणायचो, वहिनी, घाई नको. मीच नको म्हणायचो." त्यानं तोंड फिरवलं. "मला तो तास तुझ्याबरोबर वाटून घ्यायचा नव्हता, दादा."

दिनकरनं पायात चपला घातल्या. जिन्यापर्यंत गेला. श्रीरंग मागून म्हणाला, "भात टाकलाय. दोघांपुरता होईल."

"आज नको," दिनकर म्हणाला आणि खाली उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण उजवा पाय बाहेर टाकत चाललोय. सरळ टाकायचा प्रयत्न केला. चार पावलांनी परत तसाच पडू लागला.

*

घरी आल्यावर त्यानं राउटर ओव्हनच्या वरून काढून दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवला. कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं. ओव्हन भंगारात दिला नाही. उपाध्ये सरांकडं जाऊन चहा घेतला आणि निघताना चार शेंगा मागितल्या. सरांनी आठ दिल्या, आणि कुणासाठी ते या वेळी विचारलं नाही.

कवडशाच्या पडद्यावर प्रश्न तसाच उभा होता: दुसऱ्या व्यक्तीचं नाव चुकलं असल्यास दुरुस्त करा. त्यानं स्वतःचं नाव खोडलं आणि श्रीरंगचं घातलं. सदतीस वेळा घालावं लागलं. यंत्र प्रत्येक गुरुवार वेगळा विचारत होतं.

ऋतुजाला त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं. तांदूळ निवडणारी, दारात रांगोळी काढणारी, कुंपणापाशी हसणारी. तिचा फोन आला. "बाबा, यात आई कुठंच जेवताना नाही." तो म्हणाला, "माझ्याकडं नाही ते. काकाकडं आहे." ती म्हणाली, "कोण काका?" आणि त्यानं तिला सगळं सांगितलं.

शेंगा फ्रीजमध्ये आहेत. वर्षश्राद्ध येत्या मंगळवारी आहे आणि त्याच्या आधी एक गुरुवार येतो. त्या दिवशी तासगावला येत नाही असं दिनकरनं शीतगृहात कळवलं आहे. श्रीरंगला जेवायला ये म्हणून फोन करायचा आहे. तो अजून केलेला नाही.